गेटवरच्या व्हिडिओ डोअरबेलला नेमका कुठला पॉवर सप्लाय लावावा?

कृष्णाकाठ
वाईजवळ आमचं घर आहे, आई-बाबा दोघंच राहतात. घरापासून गेट साधारण २५ मीटर. बेल वाजली की बाबांना पायऱ्या उतरून गेटपर्यंत जावं लागतं आणि त्यांच्या गुडघ्यांना ते आता झेपत नाही. नणंदेने न्यू जर्सीहून येताना एक व्हिडिओ डोअरबेल आणली. मागे लिहिलंय: १६-२४ व्होल्ट एसी, ५०/६० हर्ट्झ, १०-४० व्हीए. सोबत अडॅप्टर नाही, ट्रान्सफॉर्मर नाही. फक्त मागे दोन स्क्रू आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन छोट्या वायरी.

गेटच्या खांबावर सध्या साध्या बेलचं बटण आहे. वायरमन म्हणाले, "बटणाच्या दोन वायरी काढून याला जोडतो, पाच मिनिटांचं काम." मला ते पटेना म्हणून थांबवलंय. घरात राउटरचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा जुना अडॅप्टर पडून आहे, तो चालेल का? व्हीए म्हणजे वॉटच का? आणि आमच्याकडे वीज वरचेवर जाते, त्याचं काय करायचं?

सौदामिनी
ताई, थांबवलंत हे फार बरं झालं. कृपा करून त्या बटणाच्या वायरी डोअरबेलला लावू देऊ नका.

आपल्याकडची साधी बेल थेट २३० व्होल्टवर चालते. बटणाच्या पेटीत एक वायर फेजची येते, दुसरी बेलकडे जाते. १६-२४ व्होल्टच्या उपकरणाला त्या जोडल्या तर ते त्याच क्षणी जळेल. पण माझी काळजी उपकरणाची नाही. पावसात ओल्या खांबावर २३० व्होल्ट असलेल्या डबीला पोस्टमनचं किंवा शाळेतून येणाऱ्या मुलाचं बोट लागणार आहे.

आता तुमचा १२ व्होल्टचा अडॅप्टर. तो डीसी आहे, बेलला एसी हवंय, आणि व्होल्टही कमी आहेत. १६ व्होल्ट एसी आतल्या रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणाऱ्या भागातून) गेलं की शिखर सुमारे २२ व्होल्टचं मिळतं. त्या जागी १२ डीसी दिलं तर बेल कदाचित दिवसा सुरू होईलही. अंधार पडला, रात्री दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे लागले, वायफायवर व्हिडिओ चालू झाला की बंद पडेल. अशा बेलवर तुमच्या वडिलांनी भरवसा ठेवायचा कसा? उलट दिशा तर जास्त वाईट: फक्त १२ व्होल्ट डीसीसाठी असलेल्या बेलला १२ व्होल्ट एसी दिलं तर १७ व्होल्टच्या शिखरांसह उलटी दिशाही तिला सोसावी लागते. तिथे जळण्याचीच शक्यता जास्त. म्हणून पहिल्यांदा एसी की डीसी ते वाचायचं, मग व्होल्ट, मग अँपिअर किंवा व्हीए.

व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. १६ व्होल्ट ३० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे जवळपास १.९ अँपिअर द्यायची ताकद. बेल तेवढं ओढेलच असं नाही, तिला लागेल तेवढंच ती घेईल. खालची मर्यादा १० आहे म्हणून बरोब्बर १०चा घेऊ नका, थोडी सवड हवी. वरची ४०ची मर्यादाही पाळा. मोठा ट्रान्सफॉर्मर घेतला आणि तारांमध्ये शॉर्ट झाला, तर तोच जास्त प्रवाह त्या बारीक वायरींतून वाहील.

तपकीर_गल्ली
सौदामिनीताईंना अनुमोदन. बाजाराचं मी सांगतो.

आपल्याकडे डीआयएन पट्टीवर (एमसीबी बसवतात त्या धातूच्या पट्टीवर) बसणारे बेल ट्रान्सफॉर्मर मिळतात, पण बरेचसे ८ व्हीएचे असतात. २४ व्होल्टला ८ व्हीए म्हणजे तिसरा हिस्सा अँपिअर. तुमच्या बेलला ते अपुरं. पुण्यात तपकीर गल्लीत आणि पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि लोहार चाळीत साधे लोखंडी गाभ्याचे ट्रान्सफॉर्मर सर्रास मिळतात. दुकानात "डोअरबेलसाठी द्या" म्हणू नका, ८ व्हीएचाच हातात पडेल. "प्रायमरी २३०, सेकंडरी इतके व्होल्ट, इतके अँपिअर, दोन्ही वाइंडिंग वेगळी" असं सांगा. ऑटो ट्रान्सफॉर्मर अजिबात नको, त्यात मेन लाइन आणि बेल यांच्यात आडपडदा राहत नाही.

१२-०-१२ लिहिलेला ट्रान्सफॉर्मर दिला तर लक्षात ठेवा: मधली आणि एक कडेची वायर यांत १२, दोन्ही कडेच्या वायरींत २४. बरेच जण इथे गोंधळतात.

अमेरिकेतून कोणी तिथला १६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पाठवतो म्हणालं तर नको म्हणा. तो १२० व्होल्टसाठी असतो, आपल्या २३० वर धूर निघेल.

एडिसनकर
इथे न्यू जर्सीत ही व्यवस्था मुळातच वेगळी असल्याने खोक्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. बहुतेक जुन्या घरांच्या तळघरात किंवा कपाटात एक छोटा ट्रान्सफॉर्मर आधीच असतो, बहुधा १६ व्होल्टचा. त्यातून निघालेली वायर चाइममधून (घरात वाजणाऱ्या घंटेतून) जाऊन दाराच्या बटणापर्यंत येते, म्हणजे बटण आणि चाइम एका माळेत. साधं बटण दाबल्याशिवाय वीज वाहतच नाही. व्हिडिओ डोअरबेल मात्र त्याच माळेतून सतत थोडी थोडी वीज घेत राहते, आणि कोणी बटण दाबलं की क्षणभर दोन्ही टोकं जोडून चाइम वाजवते.

आमच्या घरी १० व्हीएचा जुना ट्रान्सफॉर्मर होता. रिंग कंपनीचं प्रो मॉडेल लावलं तर चाइम सतत गुणगुणायची आणि रात्री चित्र तुटायचं. अॅपमध्ये डिव्हाइस हेल्थ म्हणून पान आहे, तिथे व्होल्टेज दिसतं. त्या मॉडेलला किमान ३९०० मिलीव्होल्ट लागतात, आमचे कमी होते. १६ व्होल्ट ३० व्हीएचा बसवला आणि दोन्ही तक्रारी गेल्या. गूगल नेस्टच्या वायर्ड बेललाही १६-२४ व्होल्ट एसीच लागतं.

कृष्णाकाठ, तुमच्याकडे चाइम नाही ही गोष्ट महत्त्वाची आहे. चाइम वाजवायची म्हणून बेलने टोकं जोडली आणि मध्ये चाइमच नसली तर ट्रान्सफॉर्मर थेट शॉर्ट होतो. काही मॉडेलमध्ये अॅपमध्ये "चाइम नाही" निवडलं की भागतं, काहींना माळेत रेझिस्टर लावावा लागतो. तुमच्या माहितीपुस्तिकेत काय आहे ते बघा.

सौदामिनी
एडिसनकरांनी रेझिस्टरचा मुद्दा काढला ते छान झालं. तो लागलाच तर अशा कामासाठी २५ ओहम ५० वॉटचा, अॅल्युमिनियमच्या कवचातला वायरवाउंड घेतात. २४ व्होल्टवर त्यातून जवळपास एक अँपिअर वाहतो, म्हणजे २३ वॉट उष्णता. बटण दाबलेल्या क्षणापुरतीच ती असते, तरी तो लाकडी फळीवर किंवा प्लास्टिकच्या डबीत बसवू नका. धातूच्या पत्र्यावर स्क्रूने आवळा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. पुस्तिका नीट वाचली. चाइम नसेल तर अॅपमध्ये तसं निवडावं, रेझिस्टरची गरज नाही, असं स्पष्ट लिहिलंय. बाबांनी मल्टिमीटरने घरातल्या सॉकेटवर व्होल्ट मोजले. संध्याकाळी साडेसात-आठला २०५, मध्यरात्रीनंतर २३८. मग ट्रान्सफॉर्मर २४ चा घेऊ का? जास्त व्होल्ट म्हणजे गेटपर्यंत जास्त पोचतील ना?

सौदामिनी
तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. दोन वेगवेगळ्या वेळी मोजलं, त्यामुळे आता अंदाजाने बोलायची गरज उरली नाही.

ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, म्हणजे बेलकडची बाजू, मेनच्या प्रमाणात वरखाली होते. शिवाय छोटा ट्रान्सफॉर्मर भाराविना असताना छापील आकड्यापेक्षा साधारण १५ टक्के जास्त व्होल्ट दाखवतो आणि बेल बहुतेक वेळ अगदी थोडाच भार घेते. म्हणून २४ चा घेतलात तर मध्यरात्री २३८ वर तो २८-२९ पर्यंत चढेल. बेलची मर्यादा २४ आहे.

१६ चा घेतला तर उलटी अडचण. संध्याकाळी २०५ वर भाराखाली १४.३ उरतील आणि वायरीत आणखी घट होईल.

तुमच्या घराला २० व्होल्ट बसतो. २०५ वर भाराखाली १७.८, आणि २३८ वर अगदी रिकामा असला तरी २४ च्या आत. १.५ अँपिअरचा घ्या, म्हणजे ३० व्हीए. ज्यांच्याकडे मेन २२०-२४० मध्ये टिकून असते, त्यांना १८ व्होल्टचाही चालेल.

प्रायमरीच्या (मेनकडच्या) बाजूला ५०० मिलीअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, सेकंडरीला २ अँपिअरचा. ट्रान्सफॉर्मर घरात, बंद पेटीत, हवा खेळेल अशा जागी. गेटकडे फक्त कमी व्होल्टची वायर जाईल.

जुना_वायरमन
मी हेच काम करत आलो आहे, म्हणून वायरचं सांगतो. इथे लोक पैसे वाचवतात आणि मग बेलला दोष देतात.

तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरीचा अडथळा मीटरला साधारण ०.०१७ ओहम. गेट २५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ५० मीटर. ०.८६ ओहम झाले. बेलने एक अँपिअर ओढला तर ०.८६ व्होल्टची घट. चालतंय. हेच ०.५ चौरस मिलिमीटर घेतली तर घट १.७ व्होल्ट. कोणी उरलेली कॅट-६ केबल टाकतो म्हणेल, तिच्या एका जोडीवर सव्वातीन व्होल्ट वाटेतच जातील. तुम्ही १ चौरस मिलिमीटर तांब्याचीच टाका. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, ती नको.

जुन्या बेलची वायर ज्या पाइपातून गेली आहे त्यात ही नवी वायर घालू नका. २३० आणि २० व्होल्ट एकाच पाइपात नसावेत, उंदराने कुरतडलं तर २३० थेट गेटच्या बटणावर येतं. वेगळा पाइप टाका. खांबावर बेलच्या मागे वायरीला खाली झोका देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी झोक्यावरून गळून जाईल, बेलमध्ये उतरणार नाही. भोक सिलिकॉनने बंद करा. मुंग्या आणि पाली उबेला येऊन बसतात, वाईच्या बाजूला तर विचारू नका. वळिवाच्या विजांसाठी ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर एक सर्ज डिव्हाइस लावलंत तर उत्तम. आणि घराला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बेलच्या आधी तो बसवून घ्या.

रीडिंगची_वहिनी
इंग्लंडमधल्या लोकांसाठी लिहिते. इथल्या जुन्या घरांत बेलचा ट्रान्सफॉर्मर असतो, पण तो बरेचदा ८ व्होल्ट १ अँपिअरचा. "आमच्याकडे वायरिंग आहे" या आनंदात लोक अमेरिकन पद्धतीची बेल मागवतात आणि ती सुरूच होत नाही. बॅटरीवाल्या काही बेल ८ व्होल्ट एसीपासून पुढे घेतात. पण तिथेही हे समजून घ्या की ती वायर फक्त बॅटरीला हळूहळू चार्ज करते. बेल बॅटरीवरच चालते, त्यामुळे वायर जोडली म्हणून वायर्ड मॉडेलसारखं सतत रेकॉर्डिंग मिळेल असं गृहीत धरू नका. डिसेंबर-जानेवारीत पारा शून्याखाली गेला की बॅटरी चार्ज घेत नाही आणि दिवस लहान असल्याने इन्फ्रारेड दिवे जास्त वेळ जळतात. माझं मत विचाराल तर वर्षभर तिथेच राहणार असाल तर ट्रान्सफॉर्मर बदलून वायर्डच घ्या.

चारशेदोन
आमचा ठाण्यात फ्लॅट आहे. बेलचं बटण दाराबाहेर, बेल आत हॉलमध्ये. गेटबिट काही नाही, अंतर दोन मीटर. आमची बेल भारतातच घेतलेली, १२ व्होल्ट डीसी १ अँपिअर, अडॅप्टरसकट. बटणाच्या पेटीत तो अडॅप्टर बसवून त्याच दोन वायरींवर चालवता येईल का?

जुना_वायरमन
नाही येणार. त्या पेटीत फेज येते आणि फेजच पुढे बेलकडे जाते. न्यूट्रल तिथे नसतोच, तो परस्पर बेलला गेलेला असतो. अडॅप्टरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात.

त्या दोन वायरी मात्र वापरता येतात. एमसीबी बंद करा. एक वायर स्विचबोर्डात फेजला आहे, दुसरी बेलवर. दोन्ही तिथून पूर्ण सोडवा आणि एकाच जागी आणा. बरेचदा बेल आणि बोर्ड शेजारीच असतात, मग सोपं जातं. तिथे अडॅप्टर लावून त्याचे १२ व्होल्ट या दोन वायरींवर दाराबाहेर न्या. त्याच पाइपातून दुसऱ्या मेनच्या वायरी जात असतील तर हा नाद सोडा आणि वेगळी पट्टी टाका. दोन्ही टोकांना "१२ व्होल्ट" अशी चिठ्ठी लावा, नाहीतर पुढच्या दिवाळीत रंगकामाला आलेला कोणीतरी त्या परत फेजला जोडेल. आणि टेस्टरवर विसंबू नका, मल्टिमीटरने दोन्ही वायरी न्यूट्रल आणि अर्थिंग दोघांशी तपासा. काही घरांत न्यूट्रल बटणातून फिरवलेला असतो, तिथे बटण न दाबताही बेलवर फेज उभी असते.

तपकीर_गल्ली
चारशेदोन, अडॅप्टर कंपनीचाच वापरा. हरवला तर दुसरा घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनच्या आत प्लस आहे का हे चिन्ह बघा. पिनचं बाहेरचं माप ५.५ मिलिमीटरच असतं पण आतलं २.१ किंवा २.५. २.१ च्या जागी २.५ ची पिन आत जाते, पण सैल बसते आणि बेल अधूनमधून बंद पडते. अडॅप्टरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. हलक्या स्वस्त अडॅप्टरमध्ये आत मेनपासून नीट विलगीकरण नसेल तर दाराबाहेरच्या बटणाला झटका येऊ शकतो.

आणि ५ व्होल्टच्या यूएसबीवर चालणारी बेल घेणार असाल तर अंतर दोन-तीन मीटरच्या पुढे नेऊ नका. बारीक यूएसबी केबल १० मीटर लांबवली तर अर्ध्या अँपिअरलाच दोन व्होल्ट वाटेत जातात, मग उरलं काय?

केबलवाला_नितळ
ज्यांचं बांधकाम अजून चालू आहे त्यांनी पीओईचा विचार करावा. एकच इथरनेट केबल, तिच्यातूनच वीज आणि डेटा. ८०२.३एएफ प्रकारात केबलवर ४८ व्होल्टच्या आसपास असतात, स्विचकडून १५.४ वॉट निघतात आणि १०० मीटरवरही उपकरणाला १२.९५ वॉट मिळतात. व्होल्ट जास्त म्हणून प्रवाह कमी, म्हणून बारीक तारांतही घट परवडते. वायफायची कटकटच नाही. बेल मात्र पीओईचीच घ्यावी लागते.

कृष्णाकाठ
काम झालं, म्हणून इथे आकडे देते, कुणाला तरी उपयोग होईल.

२० व्होल्ट १.५ अँपिअर तयार मिळाला नाही, वाइंडिंगवाल्यांकडून बांधून घेतला. १ चौरस मिलिमीटर वायर, वेगळा पाइप, दोन्ही फ्यूज, सर्ज डिव्हाइस. वायरमननाच बोलावलं. त्यांना हा धागा दाखवला, त्यांनी शांतपणे वाचला आणि सगळं तसंच, अगदी नीट केलं. रात्री मेन २१२ असताना: ट्रान्सफॉर्मर रिकामा २१.२, बेल जोडून गेटवर २०.१, इन्फ्रारेड चालू आणि बटण दाबलेलं असताना गेटवरच १८.९.

एक अडलं होतं. बेलला आमचा वायफाय दिसतच नव्हता. राउटर १३ क्रमांकाच्या चॅनेलवर होता आणि अमेरिकेतली उपकरणं २.४ गिगाहर्ट्झवर ११ पर्यंतचीच चॅनेल बघतात. राउटर ६ वर ठेवला आणि लगेच जोडलं गेलं. आईला फोन बघायची सवय नाही, तिच्यासाठी स्वयंपाकघरात सॉकेटमध्ये लावायची वायफाय चाइम घेतली आहे.

वीज गेल्यावरचं मात्र अजून ठरत नाहीये. घरी इन्व्हर्टर आहे, जुना, स्क्वेअर वेव्हचा. ट्रान्सफॉर्मर त्यावर घालू का?

सौदामिनी
१८.९ गेटवर, रात्री, बटण दाबून मोजलेत! फार छान काम झालंय.

स्क्वेअर वेव्हवर हा ट्रान्सफॉर्मर गुणगुणेल आणि जास्त तापेल. शिवाय साइन वेव्हचं शिखर मीटरवर दिसणाऱ्या (आरएमएस) मूल्याच्या १.४ पट असतं, स्क्वेअरचं तसं नसतं. त्यामुळे रेक्टिफायरनंतर बेलला बरेच कमी व्होल्ट मिळतील. दिवसा चालेल, रात्रीची खात्री नाही. पुढेमागे इन्व्हर्टर बदलाल तेव्हा साइन वेव्हचा घ्या आणि ट्रान्सफॉर्मर, राउटर, फायबरचा डबा आणि चाइम हे चारही त्यावर घ्या. नुसती बेल चालू राहिली आणि राउटर बंद पडला तर फोनवर काहीच येणार नाही.

तोपर्यंत गेटवरचं जुनं बटण आणि आतली २३० ची बेल काढू नका. बटणाचं झाकण तडकलं असेल तर पावसाळ्यासाठीचं, रबरी कडा असलेलं नवं लावून घ्या. जुन्या इन्व्हर्टरवर ती बेल व्यवस्थित वाजेल.

चारशेदोन
जुना_वायरमन, तुम्ही म्हणालात तसं उघडून बघितलं. आमच्या पाइपात गॅलरीच्या दिव्याच्या वायरीही आहेत. मग वेगळी पट्टीच ना?

जुना_वायरमन
वेगळी पट्टीच. चौकटीच्या कडेने न्या, दिसणारही नाही. दाराच्या फटीतून वायर दाबून नेऊ नका, चौकटीत ८ मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यात रबरी बुश घाला.